राजीखुशीनं

बायको बसव्वा गेल्यावर चनबसाप्पा दोन गोष्टी शिकला. भाकरी थापायला आणि नातीची वेणी घालायला. भाकरी जमली. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत त्यानं आयुष्यभर साच्यात वाळू दाबली होती. पाणी किती आणि जोर किती, हे त्या हातांना सांगावं लागलं नाही. फक्त भाकरी गोल व्हायची नाही. वेणीचं मात्र काही खरं नव्हतं. बालवाडी सुटेपर्यंत ती एका बाजूनं सुटलेली असायची आणि प्रेरणा एका शिंगाची होऊन घरी यायची.

“आज्जा, उद्या आई घालंल.”

“आईला येळ कुठाय? ती सकाळी उठून लोकांची लग्नं लावाय जात्या.”

सुष्मिता, त्याची एकुलती एक लेक, उद्यमनगरातल्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायची. कुणाचं नाव मोठ्या अक्षरात, कुणाचं बारीक, यावरनं पाव्हणेरावळे भांडत यायचे आणि ती हसत हसत मिटवून द्यायची. संध्याकाळी घरी आली की ती भांडणं ती जेवताना सांगायची. चनबसाप्पा हसायचा, प्रेरणाला काही कळायचं नाही तरी तीही हसायची. मग भाकरी तोंडात धरून कुणीतरी ठसकायचं.

बसव्वाची आठवण यायचीच. चुलीपाशी जास्त यायची. पण ती आली म्हणून घर थांबत नव्हतं. पोरगी होती, तिला भूक लागायची, तिची चप्पल हरवायची. दोन खोल्यांच्या त्या घरात तिघांचं बरं चाललं होतं.

दोन हजार सालच्या फेब्रुवारीत कोर्टाचा बेलीफ दारात आला. सुष्मिता कामावर गेली होती. चनबसाप्पानं पिठाचे हात पुसले, सही करून कागद घेतला आणि चष्मा लावून वाचायला बसला. पहिल्या पानावर त्याच्या जावयाचं नाव होतं, दुसऱ्या पानावर नातीचं. तो एवढं समजला की जावयानं पोरीचा ताबा मागितलाय. पुढचं त्याला वाचवेना. तवा तापून तापून निळा पडला तरी तो तसाच बसून राहिला.

*

झालं होतं ते असं.

सुष्मिताला कुरुंदवाडला दिली होती. नवरा शिवप्रसाद. भर पेठेत भांड्यांचं दुकान, मागं सोपा, वर माडी. शिवप्रसाद माणूस वाईट नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा आणि घरात आईपुढं तोंड उघडायचा नाही. त्याच्या आईला सगळी पेठ आक्का म्हणायची. आक्काच्या घरी सगळं रीतीनं चालायचं. पाव्हणा आला की पायावर पाणी, निघाला की हातावर पान. सुनेनं कुणापुढं किती वाकायचं, कुणाच्या ताटात आधी वाढायचं, सगळं ठरलेलं. सुष्मितानं लग्नाआधी टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या. तिला काम करायचं होतं. आक्का म्हणाली, आमच्यातल्या बायका दुकानाच्या पायरीपर्यंत जातात, पुढं जात न्हाईत. सुष्मितानं नवऱ्याकडं बघितलं. नवरा पातेल्यावर नाव घालत होता. त्यानं मान वर केली नाही. तिथून दोघांचं जे बिनसलं ते बिनसतच गेलं.

त्यातच बसव्वा आजारी पडली. सीपीआर दवाखान्यात ठेवली. सुष्मिता आईचं करायला कोल्हापूरला आली. प्रेरणा तेव्हा तीन-साडेतीन वर्षांची. आक्का म्हणाली, “दवाखान्यात पोर कशाला? हितं ऱ्हाऊ दे. तू आईचं बघ.” तेव्हा ते सगळ्यांनाच बरं वाटलं. सुष्मिता अधनंमधनं जाऊन पोरीला बघून यायची.

बसव्वाला माती देऊन महिना झाला नव्हता, तेव्हा कुरुंदवाडहून निरोप आला. तुम्ही बापलेक या, बोलायचंय.

दोघं गेले. सोप्यात चारपाच पंच बसलेले. सगळे आक्काच्या भावकीतले. मध्ये स्टॅम्पपेपर, टाइप करून तयार. एकानं वाचून दाखवला. नवरा-बायको इथून पुढं वेगळे राहणार. सुष्मिता पोटगी मागणार नाही. मुलगी लहान आहे तोवर आईकडं राहील आणि सहा वर्षं पूर्ण झाली की वडिलांच्या घरी येईल, ती कायमची.

“पोरगी कुठाय?” सुष्मितानं विचारलं.

“हाय की वर. सही झाली की भेटंल.”

वरनं रडण्याचा आवाज येत होता. आई आल्याचं पोरीला कळलं होतं. सुष्मिता जिन्याकडं गेली तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक पंच पाय लांब करून बसला होता. तो उठला नाही. “बसा की वैनी. घाई काय हाय?” म्हणाला.

चनबसाप्पा म्हणाला, “आधी पोरीला खाली आणा, मग बोलू.”

“पावणं, तुम्ही शांत बसा. तुमच्यावर आधीच दुःखाचा परसंग हाय. कागद झाला की पोरगी तुमची.”

सुष्मिता परत कागदापाशी आली. वरचा आवाज थांबत नव्हता. तिनं पुन्हा काही वाचलं नाही. पेन घेतलं आणि सही केली. त्यांनी बोट ठेवलं तिथं, आणि पान उलटून आणखी एकदा.

येताना एस.टी.त पोरगी आईच्या मांडीवर झोपली होती आणि झोपेत हुंदके देत होती. सुष्मिता म्हणाली, “आप्पा, सहा वर्षांची व्हायला अजून लई येळ हाय.” चनबसाप्पानं मान हलवली. त्या दिवसात त्याच्या डोक्यात बसव्वाशिवाय दुसरं काही शिरत नव्हतं. पुढं पोरीला सहा वर्षं भरत आली तरी त्या कागदाचं नाव घरात कुणी काढलं नाही.

*

शेजारच्या घरात अल्लाउद्दीन मुल्ला राहायचा. फौंड्रीत तो भट्टीवर आणि चनबसाप्पा साच्यावर. इतकी वर्षं एकाच वाफेत काढलेली माणसं. त्याची मुलगी सबिना वकील झाली होती आणि नुकतीच स्वतःच्या नावावर केसेस घ्यायला लागली होती. अल्लाउद्दीन चनबसाप्पाला आपल्या घरी घेऊन गेला. सबिनानं कुरुंदवाडच्या कागदाची नक्कल मोठ्यानं वाचली. शेवटी आलं, “सदरचा करार आम्ही राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणत्याही दडपणाशिवाय व नशापाणी न करता लिहून दिला असे.”

“नशापाणी न करता!” अल्लाउद्दीन म्हणाला. “चनबसू, अरं तू तर जलमात सुपारी खाल्ली न्हाईस.”

“मी कुठं सही केली? सुष्मितानं केली.”

“मग तिनं तरी काय हातभट्टी लावलीती व्हय?”

“अब्बा, तुम्ही जरा गप्प बसता का?” सबिना म्हणाली. “काका, हे वाक्य प्रत्येक कागदावर असतं. लिहिणाऱ्याचा हात आपोआप लिहितो. पण एकदा लिहिलं की कोर्ट म्हणतं, ही सही राजीखुशीची. नव्हती, हे आता आपण दाखवायचं.”

“अगं पोरगीला वर कोंडून घातलं हुतं!”

“कोंडलेलं तुम्ही बघितलं?”

“आवाज ऐकला.”

“हां. म्हणजे बघितलं नाही.”

“म्हंजे काय, पोरगी गेली?” अल्लाउद्दीननं विचारलं. तो सरळ विचारायचा.

“तसं नाही. पोराच्या बाबतीत आईबापांनी काहीही लिहून ठेवलं तरी कोर्ट पोराचं हित बघतं. तेवढा आधार आहे आपल्याला. पण समोरचे म्हणतील, मुलगी बापाकडं जाण्यातच हित आहे हे आईनंच ठरवलं, विचार करून, पंचांसमोर, खुशीनं. ती खुशी खोटी होती हे दिसलं नाही तर अवघड आहे.” मग ती म्हणाली, “काका, घाबरू नका.” पण ते तिनं कागदाकडं बघत म्हटलं, त्याच्याकडं बघून नाही.

घरी आल्यावर सुष्मितानं विचारलं, “काय म्हणाली सबिना?”

“हुईल म्हणाली.”

“आप्पा, खरं सांगा.”

“अवघड हाय म्हणाली.”

सुष्मितानं पोरीचे केस मोकळे केले आणि पहिल्यापासून विंचरायला घेतले.

*

कोर्ट सीपीआरच्या समोर होतं. ज्या दवाखान्याच्या पायऱ्या त्यानं बसव्वासाठी झिजवल्या, त्याच्याच समोरच्या पायऱ्या आता तो नातीसाठी चढत होता. पहिल्या वेळी त्याला वाईट वाटलं. पुढं सवय झाली.

न्यायाधीश बाई होत्या. चष्मा, कपाळावर बारीक टिकली, आवाज हळू. आधी सुष्मिताची साक्ष झाली, मग चनबसाप्पाची. शिवप्रसादच्या वकिलांनी त्याला उभं केलं आणि अगदी गोडीनं विचारायला लागले.

“त्या दिवशी तुम्हाला कुणी मारहाण केली?”

“न्हाय.”

“दमदाटी? शिवीगाळ?”

“न्हाय. पावणं म्हणून बोलवत हुते.”

“तुमच्या मुलीचा हात धरून सही घेतली?”

“न्हाय.”

“तुम्हाला उठून जायचं असतं तर कुणी अडवलं असतं?”

“मला न्हाय. पण...”

“हो किंवा नाही.”

“न्हाय.”

“मुलीला कुठं कोंडलेलं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं?”

“न्हाय.”

“मग दडपण कसलं, चनबसाप्पा?”

“पोरगी वर रडत हुती.”

“लहान मुलं रडतातच,” वकील म्हणाले आणि खाली बसले.

चनबसाप्पा पिंजऱ्यातनं उतरला तेव्हा त्याला वाटलं, आपण सगळं खरं बोललो आणि सगळं त्यांच्या बाजूचं बोललो. एक न्हाय, दोन न्हाय, सगळे न्हाय. घरी येऊन त्यानं भाकरी करायला घेतली तर पिठात पाणी जास्त झालं. तो पीठ घालत गेला, मग पाणी, मग पुन्हा पीठ. शेवटी अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा गोळा झाला.

“आज्जा, कुणाचं लगीन हाय?” प्रेरणानं विचारलं.

अल्लाउद्दीनच्या घरी चार भाकरी पाठवल्या. तो दारातनं ओरडला, “चनबसू, तुझी जबानी बिघडली म्हणं. भाकरी तर झ्याक झाल्यात!”

*

एप्रिलमध्ये आक्काची साक्ष होती. ती कुरुंदवाडहून भारीतलं इरकल नेसून आली होती, कपाळाला भस्म, हातभर बांगड्या. चनबसाप्पा दिसल्यावर तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, “बरं हाय न्हवं, मामा?” कोर्टातसुद्धा तिनं विचारपूस चुकवली नाही. त्यानंही हात जोडले. एकेकाळची विहीण, काय करणार?

शिवप्रसादच्या वकिलांनी विचारलं, “करार झाला त्या दिवशी सून तुमच्या घरातून कशी गेली? भांडून?”

“भांडून कशाला? मानानं गेली. मी तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. सवाशीण बाई माझ्या घरातनं रिकामी जात न्हाय, मग ती कोणीबी असू दे.”

“म्हणजे सगळं गोडीत झालं?”

“गोडीतच की.”

वकील समाधानानं खाली बसले. न्यायाधीश बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. चनबसाप्पानं सुष्मिताकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती. ओटी भरली होती हे खरं होतं. सही झाली, कागद उचलला गेला, आणि सगळं संपलं असताना आक्कानं सुपात तांदूळ आणले होते. सुष्मितानं यंत्रासारखा पदर पुढं केला होता. त्यात मान होता की काय होतं हे त्या वेळी कुणाला कळलं नव्हतं. आता कोर्टात मात्र त्याची गोडी झाली.

सबिना उठली. ती काहीतरी कडक विचारेल असं चनबसाप्पाला वाटलं होतं. तिनं आवाज खाली आणला.

“आक्का, तुमच्या घरची रीत सगळ्या कुरुंदवाडला माहीत आहे म्हणतात.”

“म्हणणारच की.”

“लेकुरवाळीची ओटी भरताना लेकराच्या हातावर गूळ-खोबरं ठेवतात ना तुमच्यात?”

“ठेवत्यात.”

“त्या दिवशी तेवढं राहून गेलं असेल. एवढी माणसं, एवढी गडबड. होतं असं कधी कधी.”

आक्काचा चेहरा बदलला. कुणीतरी तिच्या ताटात पाय घातल्यासारखी ती सबिनाकडं बघत राहिली.

“ऱ्हाऊन जाईल? माझ्या घरात? अगं बाई, सही झाल्या झाल्या मी सवता माडीवर गेले. कडी काढली. पोरीचं तोंड धुतलं, रडून रडून पार सुजलं हुतं तिचं. खाली आणलं आन आधी तिच्या हातावर गूळ-खोबरं ठेवलं. तिनं फेकून दिलं तर पुन्यांदा ठेवलं. आन मग तिच्या आईची ओटी भरली. लेकरू आधी, आई मागनं. तू मला रीत शिकवतीस व्हय?”

शिवप्रसादच्या वकिलांनी डोक्याला हात लावला आणि लगेच तो हात केसांवरनं फिरवल्यासारखं केलं.

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. “आजी, कडी बाहेरून होती?”

“मग आतनं कशी असंल, साहेब? साडेतीन वर्साची पोरगी, तिचा हात कुठं पोचतोय?”

“कडी कुणी लावली होती?”

“मीच. ती सारखी खाली पळायची की. कागद हुईस्तवर वरच ठेवा म्हणाले हुते पंच.”

“म्हणजे सही आधी झाली आणि कडी नंतर काढली.”

“व्हय. तसंच ठरलं हुतं न्हवं?” आक्का सगळ्यांकडं बघत म्हणाली. एवढ्या साध्या गोष्टीवर हे लोक इतका वेळ का घालवतायत, हे तिला समजत नव्हतं.

“मला आणखी काही विचारायचं नाही,” सबिना म्हणाली आणि खाली बसली. तिनं आपले हात काळ्या कोटाच्या बाह्यांत ओढून घेतले.

बाईंनी शिवप्रसादला पुढं बोलावलं. तो उभा राहिला. मधल्या काळात तो जाड झाला होता आणि केस मागं हटले होते.

“तुम्ही त्या वेळी खाली सोप्यात होता?”

“व्हय, साहेब.”

“मुलगी रडत होती, ते ऐकू येत होतं?”

शिवप्रसादनं आईकडं बघितलं. मग खाली बघितलं. उत्तराला इतका वेळ लागला की कारकुनानं मान वर केली.

“येत हुतं,” तो म्हणाला.

*

बाहेर आल्यावर चनबसाप्पानं सबिनाला विचारलं, “हे गूळ-खोबऱ्याचं तुला कसं सुचलं? सुष्मितानं सांगितलं?”

“नाही काका. बसव्वाकाकूंकडं कुणी बाई पोर घेऊन आली की मी तुमच्या उंबऱ्यावर येऊन बसायचे. ओटी भरताना तिच्या पोराला मिळायचं, मग काकू मलाही द्यायच्या. म्हणायच्या, ही पण उद्या लेकुरवाळी होणार.” ती हसली. “आक्का आल्या, ओटी ओटी करायला लागल्या, तेव्हा ते आठवलं. म्हटलं, विचारून बघू. कडीचं बोलतील असं मला काय माहीत? मला एवढंच काढायचं होतं की पोरगी त्या वेळी खाली नव्हती.”

बसव्वा घरात कुणाला काय द्यायची याचा चनबसाप्पानं कधी हिशोब ठेवला नव्हता. तो फौंड्रीत असायचा. घरी यायचा तेव्हा सगळ्यांचं खाऊन झालेलं असायचं. त्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडावरनं फिरवला. ऊनच तसं होतं.

पुढच्या तारखेला बाईंनी प्रेरणाला आपल्या खोलीत बोलावलं. बाकी कुणी आत नव्हतं. बाहेर आल्यावर सगळे तिच्यावर तुटून पडले.

“काय इचारलं ग?”

“जेवायला काय आवडतं इचारलं.”

“मग तू काय सांगितलंस?”

“आज्जाची भाकरी. मग त्या म्हणाल्या, कशी असते? मी म्हटलं, कोल्हापूरच्या नकाशासारखी.”

“आन?”

“आन त्या लई हसल्या. मग म्हणाल्या, कुरुंदवाडची आज्जी आवडते का? मी म्हटलं आवडते, पण तिच्या माडीवर जात न्हाय मी.”

सुष्मितानं तिला उचलून घेतलं. आता ती उचलण्याएवढी लहान राहिली नव्हती. पाय लोंबत होते.

*

मेची सुट्टी गेली आणि जूनमध्ये निकाल लागला. बाईंनी तो सावकाश वाचून दाखवला आणि मग सोप्या भाषेत सांगितला. कागदावर काय लिहिलंय यापेक्षा तो कसा झाला हे महत्त्वाचं. लेकराला कडी लावून आईची घेतलेली सही ही संमती नव्हे, मग त्याखाली राजीखुशीने असं कितीही वेळा लिहिलेलं असो. आणि अशी कडी नसती, तरीसुद्धा मुलगी म्हणजे आईबापांनी आपसात मुदत ठरवून देण्या-घेण्याची वस्तू नव्हे. ती इथं बरी वाढते आहे. ती आईकडंच राहील. वडील आहेत, त्यांना तिला भेटण्याचा हक्क आहे. तो कसा आणि कधी, हे दोघांनी बसून ठरवावं. नाही ठरलं तर कोर्ट ठरवून देईल.

चनबसाप्पाला शेवटचं नीट ऐकू आलं नाही. “आईकडंच राहील” एवढं त्यानं ऐकलं आणि बाकी सगळं त्याच्या कानावरनं वाहून गेलं. अल्लाउद्दीन मागच्या बाकावर होता. तो एवढ्या जोरात “या अल्ला!” म्हणाला की शिपायानं त्याला बाहेर काढलं. बाहेर जाऊन त्यानं भेटेल त्याला सांगितलं की केस माझ्या पोरीनं जिंकली, आणि शिपायालाही पुन्हा आत जाऊन सांगणार होता.

आक्का पायऱ्या उतरत होती. चनबसाप्पापाशी आल्यावर थांबली.

“माझ्याच तोंडातनं काढून घेतलं, मामा. त्या मुल्लाच्या पोरीनं.”

“तुमी खरं बोललासा, आक्का. दुसरं काय?”

“खरंच बोलले. खोटं मी बोलत न्हाय.” ती थोडी घुटमळली. “पोरगी रडत हुती ते मला काय गोड वाटत हुतं व्हय? पण ती आमच्या घरची. तिला कोण हवाली करून देईल असं?”

तिचा राग येईल असं चनबसाप्पाला वाटलं होतं. बरेच महिने तो राग त्यानं आजच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. आला नाही. समोर एक म्हातारी बाई उन्हात उभी होती आणि तिला बस पकडायची होती. “स्टँडवर जायला रिक्षा समोर मिळंल,” तो म्हणाला. “मुलगा येतोय न्हवं संगं?”

शिवप्रसाद मागंच होता. आईला पुढं जाऊ दिलं आणि तो चनबसाप्पापाशी आला. बराच वेळ दुकानदारासारखा हातातली पिशवी या हातातनं त्या हातात करत राहिला.

“मामा.”

“बोल.”

“मी पोरीला बघाय येऊ का? कधीतरी?”

चनबसाप्पाचं मन भरून आलं. निकाल त्यांच्या बाजूचा लागला होता, पोरगी घरची राहिली होती, आणि तो त्या क्षणी कुणालाही काहीही द्यायला तयार होता. “ये की,” तो म्हणाला. “ह्या रविवारीच ये. जेवायलाच ये. सकाळधरनं...”

आणि तो मध्येच थांबला. पलीकडं आंब्याच्या झाडाखाली सुष्मिता सबिनाबरोबर उभी होती. कागदांची पिशवी दोघींनी मिळून धरली होती. ती इकडंच बघत होती, पण पुढं येत नव्हती.

“थांब,” चनबसाप्पा म्हणाला. “मी कोण सांगणार? तिला इचार.”

“मामा, तुम्हीच सांगा की तिला. मी कसं...”

“न्हाय. तू जा. आईला संगं नेऊ नको, मला नेऊ नको. सवता जा आन इचार.”

शिवप्रसाद गेला. उन्हातनं झाडाच्या सावलीत पोचेपर्यंत तो दोनदा थबकला. चनबसाप्पाला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. शिवप्रसाद काहीतरी म्हणाला. सबिना दोन पावलं बाजूला झाली आणि भिंतीवरच्या नोटिसा वाचायला लागली. शिवप्रसाद पुन्हा काहीतरी म्हणाला, या वेळी जास्त वेळ. सुष्मितानं मान हलवली, नाही म्हणून. मग बोलायला लागली, एक एक बोट दुमडत. काय म्हणत असेल ते चनबसाप्पाला न ऐकताही कळत होतं. रविवारी नको, रविवारी पोरगी आज्जाबरोबर रंकाळ्यावर जाते, हे असणार. शनिवारी दुपारी. घरी यायचं, दुकानात न्यायचं नाही. अंधार पडायच्या आत जायचं. पोरगी जेव्हा म्हणेल, तेव्हा कुरुंदवाडला न्यायचं. त्याच्या आधी नाही.

शिवप्रसाद प्रत्येक बोटाला मान डोलवत होता. शेवटी त्यानं एक काहीतरी विचारलं, शनिवारी येऊ न्हवं मग, असंच असणार. सुष्मिता हसली. लग्नपत्रिकेवर नाव बारीक पडलं म्हणून भांडायला आलेल्या पाव्हण्याकडं बघून हसायची, तशी.

“व्हय,” ती म्हणाली. तेवढं मात्र चनबसाप्पाला स्पष्ट ऐकू आलं.